आवक क्रमांक दोनशे बारा

प्रशिक्षक म्हणून जो नट यायचा होता
तो पुण्याहून आला, दोन दिवस राहिला,
उचल मागितली
आणि तिसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीनं गेला.
मैदानाची किल्ली द्यायला आलेले अवटी भाऊसाहेब
तेवढे रिकामे उभे होते.
शिट्टी त्यांच्या गळ्यात पडली.

भूपाल बाबगोंडा अवटी. कनिष्ठ लिपिक,
आमचं सावळजचं हायस्कूल. दमेकरी.
खो-खो त्यांना माहीत होता तो इतकाच
की त्याचं प्रवासभत्त्याचं बिल कधी पास होत नाही.
संवाद पाठ होईनात. मग आपलंच बोलू लागले:
"शेळके, डाव्या अंगाला तू कायम गैरहजर.
माळी, सूर मारायचा तर पुरता मार,
अर्ध्या दिवसाची रजा इथं मिळत नाही."
दिग्दर्शक हसता हसता फक्कीच्या रेघेवरच बसला.
उठला तेव्हा पाठीमागनं पांढरा.
कागद त्यानं खिशात घातले, ते पुन्हा काढले नाहीत.

पैसे नव्हते, हे गावातल्या कुत्र्यांनाही कळलेलं,
डबे उघडले तरी ती उठत नसत.
कॅमेरा फवारणीच्या ट्रॅक्टरवर बांधलेला,
सगळ्या सिनेमाला द्राक्षाच्या औषधाचा वास.
प्रेक्षक चाळीस. डावीकडचे बसून झाले
की टोप्या बदलून उजवीकडे.
चषक सोसायटीच्या कपाटातला,
वर कोरलेलं 'उत्कृष्ट वसुली',
तेवढं अंगठ्याखाली धरायचं.
आणि आमचं मानधन रोज एक पुडा भडंग,
त्यातही शेंगदाणे मोजून.

शेवटच्या सामन्याला कुंडलच्या पोरी आणल्या.
खऱ्या खेळणाऱ्या. जिल्ह्याला जाऊन आलेल्या.
सगळं येत होतं त्यांना, फक्त हरायचं
कुणी शिकवलेलं नव्हतं.
कागदावर होतं: शकू लाड बाद.
शकू म्हणे, "धरा की मग. मी कुठं नको म्हणतीय?"
आणि खांबाला अशी वळायची
की माझ्या हाताला नुसता वेणीचा वारा.
एकदा. चारदा. नऊदा.
दिग्दर्शक हात जोडून, "ताई, जरा हळू पळ."
ती म्हणाली, "हळू कसं पळतात?"
तिला खरंच माहीत नव्हतं.

ऊन बेदाण्याच्या शेडपलीकडं गेलं.
बॅटरीचा लाल दिवा दोनदा मिचकावला, मेला.
कॅमेरावाला वायर गुंडाळू लागला,
टोप्या घरी निघाल्या.
आम्हाला कुणी थांबा म्हटलं नाही
म्हणून आम्ही थांबलो नाही.
पाठीत खो बसला. उठले.
भाऊसाहेबांना शिट्टी फुंकायला दम नव्हता,
त्यांनी नुसता हात वर केला, घंटेच्या शिपायासारखा,
आणि मी पुरता सूर मारला.
हनुवटी मातीत. दोन बोटं
शकूच्या टाचेवर.

ती वळली, टाचेकडं बघितलं.
म्हणाली, "आता कसं!"
आणि मला उठवलं.

सिनेमात हे नाही.
सिनेमात माझी पाठ दिसते, मग एकदम चषक आणि अंगठा.
टाळ्या कुठल्यातरी कुस्तीच्या फडातल्या,
मधेच हलगी वाजते.
शेडच्या भिंतीवर एकदा दाखवला, गाव पोट धरून हसलं
नको तिथंसुद्धा.
दिग्दर्शक आता विट्यात मोबाईलची कव्हरं विकतो.

परवा दाखल्याच्या नकलेसाठी शाळेत गेले.
नवा लिपिक, पोरसवदा,
माझं वर्ष शोधताना आवक-जावकचा जुना बाड उघडून बसला.
अवटींचं अक्षर, निळी शाई, रेघ कुठं वाकडी नाही.
क्रमांक: दोनशे बारा.
कोणाकडून: कुंडल.
विषय: एक गडी.
शेरा: मिळाला.

"हे काय असंल हो?" त्यानं विचारलं.
हात हनुवटीवरच्या व्रणाकडं गेला होता, तो मी खाली घेतला.
म्हटलं, असंल जुनं काहीतरी.
नकलेची फी किती?